धाकट्याच्या घरातून गेलेला दोर

गावात त्याला दोरवाला म्हणणारे थोडे आणि 'पुढंकाय' म्हणणारे फार. कुणी सांगावं, गाय व्याली, तर हा विचारणार, "बरं झालं, पण पुढं काय?" कुणी सांगावं, दाढ काढून टाकली, आता दुखत नाही, तरी याचं आपलं तेच. गंमत अशी, की ज्या माणसाला पुढचं सगळं आधी कळायला हवं होतं, त्याच्या नशिबी धंदा आला तो उलटं चालण्याचा.

दोर वळणारा उलटाच चालतो. कंबरेभोवती घायपाताचा विंचरलेला वाख गुंडाळायचा, त्यातली एक शेंडी चाकाच्या आकड्याला अडकवायची, आणि चाक फिरू लागलं की बोटांनी वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. चाक त्याची बायको फिरवी. तो मागे सरकेल तशी त्याच्या पुढ्यात सुतळी लांबत जाई. अशा पुष्कळ सुतळ्यांचा एक पेड आणि तीन पेडांचा एक दोर. ज्या लांबट पट्टीवर हे काम चाले तिला ते 'चाल' म्हणत. चालीच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला धाकट्या भावाच्या घराची भिंत. मधली जमीन पायांनी इतकी तुळतुळीत झालेली, की तिथे उगवायची गवतालाही लाज वाटावी.

"अहो, डावीकडं शेण आहे!" बायको चाकामागून ओरडायची, आणि तो मागे न बघता उजवीकडे सरकायचा. इतक्या वर्षांत त्याचा पाय एकदाही शेणात पडला नव्हता. पण हे कुणी दाखवून दिलं तर म्हणायचा, "आजवर नाही पडला. पुढं काय?"

त्या वर्षी नदीला पाणी चढण्याच्या आधी नावाडी त्याच्याकडे आला. नदीच्या दोन्ही काठांना बांधलेल्या दोरावर कप्पी अडकवून त्याची नाव अलीकडे-पलीकडे जायची. तो दोर दोरवाल्याच्या वडिलांनी वळलेला. आता त्याच्यातून म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखे केस बाहेर आले होते.

"लोक म्हणतात, शहरातनं चकचकीत प्लास्टिकचा आण," नावाडी म्हणाला. "आणून बघितला. ओला झाला की मासा निसटावा तसा हातातनं निसटतो. मला वाखाचाच पाहिजे. पण अख्खा. जोड नको. कप्पी जोडावर अडली की मधल्या धारेत सगळे बसतो देवाचा धावा करत."

"देईन की."

"पाणी चढायच्या आत. नाहीतर शहर आहेच. आणि एकदा शहराचा बांधला ना, की तुमच्या घरचा दोर पुन्हा नदीवर यायचा नाही. तोंडावर सांगतो, मागनं बोल लावू नकोस."

नावाड्याने नदीची रुंदी एका बारीक दोरीवर धरून आणली होती. दोघांनी ती चालीवर पसरली. दोन्हीकडच्या गाठींपुरती जागा सोडून चाकापासून भिंतीपर्यंत ती अशी बसली, जशी मापाची शिवलेली. दोरवाल्याला कधी नव्हे ते स्फुरण चढलं. कुंपणापाशी दोनचार माणसं उभी होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "बघा! माझी चाल आणि तुमची नदी सख्ख्या बहिणी! दोर झाला समजा!"

सगळे गेले. संध्याकाळी जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं? खडा लागला?" बायकोने विचारलं.

"पीळ," तो म्हणाला.

"पोटात?"

"दोरात!"

सरळ पेडांना पीळ भरून एकमेकांवर चढवलं, की लांबीचा तिसरा हिस्सा पिळातच जिरतो. चालीएवढे पेड घेतले तर दोर भरणार चालीपेक्षा कितीतरी आखूड. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण आजवर त्याने बादलीचे, गुरांचे, गाडीचे दोर वळले. चालीवर जेवढा निघेल तेवढा काढायचा आणि गिऱ्हाइकाला हवा तेवढा तोडून द्यायचा. लांबी आधी सांगून दोर मागणारा नावाडीच पहिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा जिथे 'पुढं काय' विचारायला हवं होतं, तिथेच नेमका तो विचारायला विसरला.

बायको आधी हसली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसू पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"मग चाल लांब लागणार," ती म्हणाली.

"लांब म्हणजे कुठवर माहीत आहे का? भिंतीच्या पलीकडं. धाकट्याचं घर ओलांडून, त्याचं परस ओलांडून, मागच्या डबक्यात!"

"डबक्यात तर डबक्यात."

"अगं, मधे घर आहे त्याचं! सात पिढ्यांचं वैर असल्यासारखा वागतो तो. दार कोण उघडणार? उघडलं तर पुढं काय? परसात कोंबड्या. कोंबड्या आवरल्या तर पुढं डबकं. डबक्यात टोक कशाला बांधायचं? बांधलं तर पीळ कसा—"

"आधी जेवा," बायको म्हणाली. "उद्याची सुतळी उद्या. भिंतीपर्यंत तर आपलीच जमीन आहे ना? तिथवर चला. भिंतीचं भिंतीपाशी बघू."

"भिंत आहे हे आत्ताच दिसतंय की!"

"भिंतीला दारही आहे. ते नाही दिसत?"

धाकट्याचं आणि त्याचं बोलणं बंद होतं ते वाटणीपासून. वाटणी तशी गोडीत चालली होती. पण दोरवाल्याने प्रत्येक वस्तूला आपला प्रश्न लावला. झाड तुझ्याकडं आलं, पण फांदी माझ्याकडं वाढली तर पुढं काय? चाक माझ्याकडं, पण ते मोडलं तर पुढं काय? मी आधी मेलो तर पुढं काय? शेवटी धाकट्याचं डोकं फिरलं. "दादा, तू मर तर खरं," तो ओरडला, "पुढं काय ते मी बघतो!" त्यानंतर तो शब्द ना याने विसरला ना त्याने परत घेतला. धाकट्याने दोराचा धंदा सोडून कोंबड्या पाळल्या आणि हट्टाने चालीच्या टोकालाच आडवं घर घातलं. पण रक्त पडलं दोरवाल्यांचं, नजरेतच ओळंबा. पुढचं दार आणि मागचं दार चालीच्या रेषेत असं नेमकं बसलं, की दोन्ही उघडी असली तर चाकापाशी बसून त्याच्या परसातल्या कोंबड्या दिसत.

सकाळी चाकाला हात लावण्याआधी बायकोने डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, आजचं दाखव." एवढंच. दोरवाल्याची प्रार्थना मात्र लांबली. त्याची प्रार्थना म्हणजे देवाची उलटतपासणीच. दार, कोंबड्या, डबकं, पाऊस, भाऊ, भावाचा राग, सगळ्याचा त्याने जाब विचारला. बायको म्हणाली, "झालं का? वाख वाळतोय."

चाक कुरकुरलं. तो मागे निघाला. बोटांतून वाख सुटत होता, ओल्या फडक्यातून सुतळी गुळगुळीत होऊन बाहेर पडत होती. अर्धी चाल झाली. पाऊण झाली. पाठीला भिंतीची ऊब लागायला लागली तसा तो ओरडला, "थांब! भिंत आली! थांब!"

चाक थांबेना.

आता चाक फिरत असताना माणूस थांबला, तर पीळ सुतळीत मावत नाही. तिला अढ्या पडतात आणि ती गांडुळासारखी वेटोळी होऊन बसते. म्हणून तो आणखी एक पाऊल मागे गेला. पाठ दाराला लागली. "अगं थांब!" आणि तेवढ्यात दार उघडलं. धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, भांडी घासलेलं पाणी फेकायला आली होती. पाणी फेकलं गेलं ते दोरवाल्याच्या पाठीवर.

"अगंबाई! भाऊजी! अहो, इकडं कुठं?"

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"मग थांबा की!"

"थांबता येत नाही! अढी पडेल!"

दोरवाल्यांच्या घरात दिलेल्या बाईला अढी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ती बाजूला झाली. "या मग. सावकाश. उंबरा आहे, पाय उचला."

त्याने पाय उचलला आणि इतक्या वर्षांनी भावाच्या घरात शिरला. पाठमोरा, ओलाचिंब, दोन्ही हात वाखात गुंतलेले.

धाकटा खाटेवर बसून टोपलीत अंडी रचत होता. अंगाने तो चांगला भरलेला. खाट त्याच्याखाली रोज थोडी थोडी म्हातारी होत होती. "कोण आलंय?" त्याने बायकोला विचारलं.

"दिसत नाही का?"

"पाठ दिसतेय. पाठीला मी ओळखत नाही."

"उजवीकडं चूल आहे भाऊजी, डावीकडं सरका. थोडं आणखी. हां."

"त्यांना सांग, हे घर आहे, रस्ता नाही."

"भाऊजी, हे म्हणतात—"

"ऐकलं. त्याला सांग, मलाही रस्ता वाटत नाहीये. पण पुढं काय?"

"पुढचं पुढं," धाकटी म्हणाली. "आधी मागचा उंबरा. उचला."

तो परसात आला. कोंबड्या आयुष्यात पहिल्यांदा उलटा चालणारा माणूस बघत होत्या. त्यांनी एकच गिल्ला केला आणि एक तर त्याच्या दोन पायांमधून पळाली. मग पायाखालची माती मऊ झाली, मग गार झाली, आणि मग तो गुडघाभर डबक्यात उभा होता. तिथे चाक थांबलं. बायकोने मनाशी जो अंदाज बांधला होता तो तिथे पुरा झाला असावा.

आता हातात सुतळीचं टोक, आणि बांधायला काही नाही. सोडली तर सगळा पीळ उलगडणार. तो तसाच उभा राहिला. दोन बदकं येऊन त्याच्याभोवती फिरून गेली. परसाच्या दारात धाकटा येऊन उभा राहिला. त्याने आकाशाकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं. पण सुतळीचं टोक धरून ताटकळणारा माणूस बघणं दोरवाल्यांच्या पोराला किती वेळ सहन होणार? तो आत गेला, खुंट आणि घण घेऊन आला, विजार खोचली, डबक्यात उतरला आणि त्याने खुंट ठोकला. मग आला तसा परत गेला.

संध्याकाळी पायाचा चिखल खरवडत दोरवाल्याने बायकोला विचारलं, "मी थांब म्हणालो ते ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"तुम्ही म्हणालात. दार नाही म्हणालं. ते तर उघडत होतं."

"आणि नसतं उघडलं तर?"

"तर थांबले असते. न उघडणाऱ्या दारात नवरा चेपायची मला हौस आहे का?" ती म्हणाली. "तुमची पाठ होती, तुम्हाला कसं दिसणार? उलटं चालणाऱ्याच्या पाठीमागचं बघायला समोर कुणीतरी बसलेलं असतं. त्याचं ऐकायचं आणि पाय टाकायचा. आजवर तेच तर केलंत."

त्याने उरलेला चिखल खरवडून काढला. मग त्याला भीती वाटली, की हे आपल्याला पटलं तर पुढं काय.

पण एका सुतळीने पेड होत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धाकट्याच्या घरातून गेला, आणि दिवसभर जातच राहिला. सुतळ्या वाढत गेल्या. त्या लोंबू नयेत म्हणून घरातही टेकू उभे राहिले. धाकट्याच्या घराचे आता दोन भाग झाले: सुतळीच्या अलीकडचं आणि सुतळीच्या पलीकडचं. चूल एका बाजूला, खाट दुसऱ्या बाजूला. धाकटी सवयीने वाकून जायची. धाकटा रागाच्या भरात विसरायचा आणि सुतळ्या त्याच्या हनुवटीखाली अडकायच्या.

"त्यांना सांग, मला फाशी द्यायची तर सरळ द्या!"

"त्याला सांग, या सुतळ्या फाशीला पुरणार नाहीत, अजून पेड व्हायचेत," दोरवाला मागे जाता जाता म्हणाला, आणि आपण भावाशी थट्टा केली हे त्याला डबक्यात पोचल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी धाकटी नुसतं 'उंबरा' म्हणायची. मग 'पाय पुसून या' म्हणायला लागली. मग तिने सुतळ्यांवर फडकी वाळत घातली आणि दोरवाल्याच्या बायकोने चाकापासून ओरडून ती काढायला लावली. एकदा जेवायच्या वेळी तो घरातून चालला होता. हात गुंतलेले. धाकटीने न विचारता त्याच्या तोंडात घास घातला. तो चावत चावत मागे गेला.

"हे माझ्या ताटातलं होतं," धाकटा म्हणाला.

"वाटणी मागायची आहे का?" धाकटीने विचारलं. त्यावर धाकट्याने ताट जवळ ओढलं.

या दिवसांत दोरवाल्याला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती त्याला जरा टोचलीच. रोज सकाळी तो देवाला दहा गोष्टी विचारायचा. दिवस मावळेपर्यंत त्यातली एकच समोर यायची, आणि तिच्यापुरतं काहीतरी हाती लागलेलं असायचं. खुंट लागला तेव्हा खुंट. टेकू लागले तेव्हा टेकू. कोंबड्या पायात येतात म्हणून रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी बघतो, तर धाकट्याने त्या आपण होऊन कोंडून ठेवलेल्या. उरलेल्या नऊ गोष्टींची उत्तरं मात्र कधी मिळाली नाहीत, कारण त्या गोष्टी घडल्याच नाहीत. तो हे बायकोला सांगायला गेला, पण तिला हे आधीपासूनच माहीत असणार असं वाटून त्याने विषय बदलला.

पेड तयार झाले त्या दिवशी नावाडी धापा टाकत आला. "वरच्या अंगाला पाऊस झालाय. पाणी गढूळ झालं. उद्या सकाळी दोर काठावर पाहिजे, नाहीतर मी शहराला माणूस पाठवतो."

म्हणजे आजच पीळ भरायचा. त्याची रीत अशी: तीन पेड चाकाच्या तीन आकड्यांना, आणि पलीकडचं टोक एका जाड फळीला. फळीच्या खाली दोन बाजूंना ठोकलेले दोन गुळगुळीत ओंडके, वर भरपूर ओझं. चाक फिरलं की पेड पिळतात, आखडतात, आणि ओझ्यासकट फळीला चाकाकडे ओढतात. ओझं कमी झालं तर फळी उड्या मारते आणि दोर बिघडतो. वडिलांच्या काळी फळीवर धोंडे रचत. पण आता फळी होती डबक्याच्या काठावर, चिखलात. तिथवर धोंडे कोण वाहणार?

"ओझं पाहिजे," दोरवाल्याची बायको म्हणाली. "जड. आणि जागचं हलणार नाही असं."

बोलता बोलता तिची नजर धाकट्यावर गेली. मग धाकटीची गेली. दोरवाल्याने नजर दुसरीकडे वळवली, पण ती फिरून तिथेच आली.

"माझ्याकडं काय बघताय?" धाकटा म्हणाला.

"भाऊजी, नुसतं बसायचं आहे," वहिनी म्हणाली. "बाकी काही नाही."

"बसतो. पण दोरासाठी. वडिलांच्या दोरासाठी. आणखी कुणासाठी नाही."

तो बसला. फळीने 'हं' असा आवाज केला. तीन आकड्यांचं चाक ओढायला एकटीचं बळ पुरेना, म्हणून धाकटीही चाकापाशी गेली. दोरवाल्याने तीन खाचांचा लाकडी गोळा पेडांमध्ये घातला. हा गोळा तिन्ही पेडांना वेगळं ठेवतो. तो धरून फळीपासून चाकाकडे जायचं, की मागे दोर तयार होत येतो. सुरुवातीला गोळा फळीला अगदी चिकटून. त्यामुळे दोघे भाऊ आता समोरासमोर आले, इतके जवळ, की धाकट्याच्या मिशीतली अंड्याची कणी दोरवाल्याला दिसत होती. दोघांनाही तोंड फिरवायला जागा नव्हती.

चाक फिरलं. पेड ताणले, कण्हले. गोळ्याला जोर आला आणि दोरवाला मागे सरकू लागला. त्याच्या आणि भावाच्या मध्ये दोर उमटू लागला. कडक, गोल, एकसारखा. एक वीत झाला, एक हात झाला, परसाची निम्मी लांबी झाला. मग त्याच्या लक्षात आलं: मागचा उंबरा आता येणार, आणि 'पाय उचला' म्हणणारी तर चाकापाशी. त्याने एक पाय अधांतरी धरला. "पुढं—" असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

धाकट्याने आकाशाकडे पाहिलं. कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहिलं. "उंबरा," तो म्हणाला.

"कुणाला म्हणालास?"

"खुराड्याला! डावा पाय उचल, दादा. आणखी. हां, टाक आता."

दोरवाल्याने पाय टाकला. घराच्या आतून जाताना त्याला पुढ्यातला दोर नीट दिसेना. डोळ्यांत पाणी कशाला आलं ते त्याने वाखाच्या धुळीवर ढकललं. "खाट," परसातून आवाज येत होता. "उजवीकडं. चूल सांभाळ. पुढचा उंबरा. उचल."

तो पार चालीवर आला तेव्हा फळीनेही जोर धरला होता. आधी ती चिखलातून सुटली, मग धाकट्याला घेऊन संथपणे परसातून निघाली. धाकटा मांडी घालून, ताठ मानेने बसला होता. बदकं मागून चालत होती. खुराड्यातल्या कोंबड्या आपला मालक विनाकारण सरकतोय हे बघून अवाक झाल्या होत्या. फळी मागच्या दाराशी आली आणि थाडकन थांबली.

उंबरा!

दोरवाल्याने दाराची काळजी केली होती, चुलीची, पावसाची, वीज पडण्याचीही केली होती. पण फळी उंबऱ्याला अडेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चाकापाशी जावा जीव खाऊन फिरवत होत्या. त्या थांबल्या तर अर्धा पीळ सैल पडणार. फिरवत राहिल्या तर अढी. दोर थरथरायला लागला. उघड्या दोन दारांतून त्याला समोर, घरापलीकडे, भाऊ दिसत होता.

"दादा!" धाकटा ओरडला. "अडकलो! उठू का?"

"उठू नकोस! उठलास तर फळी तुझ्या आधी घरात येईल!"

"मग करू काय? आणि हे निघालं तरी अजून पुढचा उंबरा आहे! पुढं काय, दादा? पुढं काय?"

"पुढचं सोड!" दोरवाला गावाला ऐकू जाईल असा गरजला. "आधी डावं ढुंगण उचल!"

धाकट्याने उचललं. फळीचा डावा ओंडका उंबऱ्यावर चढला.

"आता उजवं! सावकाश! डुल! अंड्यावरची कोंबडी डुलते तसा डुल!"

धाकटा डुलला. फळी खडखडत उंबऱ्यावर आली, क्षणभर तिथे विचार करत थांबली, आणि धाडकन आत उतरली. दोर सरळ झाला. चाकापाशी दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, पण हात थांबले नव्हते. धाकटा आपल्याच घरातून, चूल आणि खाट यांच्या मधून, पाहुण्यासारखा गेला. पुढच्या उंबऱ्यावर त्याला सांगावं लागलं नाही. तो आपला आपण डुलला आणि चालीवर येऊन भिंतीशीच थांबला. गोळा चाकाशी पोचला. चाक थांबलं. एकदम शांत झालं.

दोरवाला टेकत टेकत फळीपाशी गेला. धाकटा अजून बसलेलाच.

"तुझ्या हद्दीत आलो," धाकटा म्हणाला. "पण स्वतःहून नाही आलो."

"छे, छे. ओढूनच आणलं."

"ते तेव्हा म्हणालो होतो... मरण्याबिरण्याचं."

"हो."

"तसं नव्हतं म्हणायचं."

दोरवाल्याच्या जिभेवर प्रश्न आला होता. मग कसं म्हणायचं होतं, आणि आता यापुढं काय. तो त्याने तसाच गिळला. "हात दे," तो म्हणाला. "ऊठ. चिखल वाळतोय तुझा."

सकाळी चौघांनी मिळून दोराचं वेटोळं खांद्यांवर घेतलं आणि नदीवर नेलं. पाणी रात्रीतून फुगलं होतं. नावाड्याने मोजलेली नदी जरा बारीक होती. ही चांगलीच अंगावर आलेली, पाणी पार खुंटांना टेकलेलं. काठावर माणसं जमली होती. पलीकडच्या काठावरही जमली होती.

"पुरेल ना?" नावाड्याने विचारलं.

दोरवाल्याला रोजच्या सवयीने दहा गोष्टी सुचल्या. तो म्हणाला, "टोक घेऊन जा. बघू."

त्या सकाळी त्याने देवाला एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही बायकोकडून शिकलेली. तरी नाव जुन्या दोराला धरून निघाली, आणि नवा दोर वेटोळ्यातून सळसळत सुटू लागला, तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याने नदीकडे पाठ केली.

"सांग," तो बायकोला म्हणाला. "मला बघवत नाही."

"मधल्या धारेत आहेत."

वेटोळं त्याच्या पायापाशी लहान होत चाललं होतं. त्याने त्याच्याकडेही पाठ केली. त्यासाठी त्याला तिरकं उभं राहावं लागलं. मग त्याने डोळेही मिटले.

"पलीकडं लागले. उतरले. खुंटाला गुंडाळतायत." धाकटा अलीकडच्या खुंटापाशी वाकून जोर लावत होता, कण्हत होता. "झाली," ती म्हणाली. "गाठ बसली, अहो. दोन्हीकडं बसली."

दोन्ही काठांवरून ओरडा उठला. दोरवाल्याने डोळे उघडले, पण वळायला अजून धजला नाही.

"उरला किती?" त्याने विचारलं.

"पुरला," बायको म्हणाली. "उरायला कशाला पाहिजे?"